धानाच्या बांधीतील लाखोरी : लागवड, उपयोग व सावधगिरी

चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांतील धानपट्ट्यात सिंदेवाहीचे स्थान महत्त्वाचे आहे. वर्षाकाठी बाराशे ते चौदाशे मिलिमीटर पाऊस, मालगुजारीच्या काळापासून चालत आलेले मामा तलाव व बोड्या, आणि धुऱ्यांनी वेढलेल्या धानाच्या बांध्या, हे या भागाच्या शेतीचे स्वरूप होय. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे धानाच्या संशोधनास वाहिलेले केंद्र सिंदेवाही येथेच आहे. धान हेच येथील मुख्य पीक असल्याने शेतीतील इतर सर्व गोष्टींचा विचार धानाच्या अनुरोधाने करावा लागतो. धान कापून नेल्यानंतर बांधीत जी ओल शिल्लक राहते, तिचा उपयोग कसा करावा, हा या भागातील शेतकऱ्यांपुढील जुना प्रश्न आहे. त्या प्रश्नाचे जुने उत्तर म्हणजे लाखोरी.

लाखोरी, लाख किंवा लाखोळी या नावांनी हे कडधान्य पूर्व विदर्भात ओळखले जाते. शेजारच्या छत्तीसगडात त्यास तिवडा, तर बिहार व बंगालमध्ये खेसारी म्हणतात. शास्त्रीय परिभाषेत त्याचे नाव लॅथिरस सटायव्हस असे आहे. वाटाण्याच्या कुळातील ही वनस्पती असून तिचे खोड नाजूक व कडांना पंखासारखे पसरलेले असते. पाने अरुंद, टोकाशी वेलीसारखे तंतू, फुले बहुधा निळी आणि दाणे कुऱ्हाडीच्या पात्यासारखे कोनाकृती असतात. बहुतेक कडधान्यांप्रमाणे हिच्याही मुळांवर गाठी असतात व त्यांतील जिवाणू हवेतील नत्र जमिनीत स्थिर करतात.

उतेरा पद्धत

लाखोरीचे खरे महत्त्व तिच्या लागवडीच्या पद्धतीत आहे. धान उभे असतानाच, कापणीच्या दहा ते पंधरा दिवस आधी, बांधीतील ओल्या चिखलावर तिचे बी फेकून पेरले जाते. या पद्धतीस उतेरा म्हणतात. धानाच्या सावलीत बी रुजते, आणि धान कापले जाईपर्यंत रोपे बोटभर वाढलेली असतात. पुढे हिवाळ्यातील दवावर व जमिनीत राहिलेल्या ओलीवर पीक पोसते. नांगरट नाही, वखरणी नाही, ओलीत नाही, असे हे पीक आहे.

असे पीक येथेच का रुजले, याचे कारण जमिनीत सापडते. चिखलणी केलेली बांधी वाळू लागली म्हणजे तिचा पृष्ठभाग कठीण होतो व भेगा पडतात. भारी धान कापून, भारे उचलून, बैल जुंपून बांधी नांगरेपर्यंत वरची ओल निघून जाते आणि हरभऱ्यासारखे बी पेरले तरी उगवण विरळ होते. ओल हातची जाण्यापूर्वीच बी जमिनीस लावणे, हा उतेरा पद्धतीचा गाभा आहे. लाखोरीचे रोप आरंभी काही दिवस चिखल सोसते आणि नंतर कोरड जमीनही सोसते. दोन्ही टोके सहन करणारी कडधान्ये थोडीच आहेत.

परंतु याच गुणात तिचा दोषही दडलेला आहे, आणि या पिकाचा विचार करताना तो कोणत्याही शेतकऱ्याने नजरेआड करता कामा नये.

दुष्काळाचा सोबती व वैरी

लाखोरीच्या दाण्यात सुमारे २८ टक्के प्रथिने असतात. त्याबरोबरच ओडॅप या नावाने ओळखला जाणारा एक विषारी घटकही तिच्यात असतो. थोड्या प्रमाणात व इतर धान्यांबरोबर लाखोरी खाल्ली असता निरोगी माणसास सहसा अपाय होत नाही. मात्र आहाराचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक भाग लाखोरीचाच असेल आणि असा आहार सतत दोन-तीन महिने वा अधिक काळ चालला, तर पायांचा असाध्य पांगळेपणा येऊ शकतो. या रोगास लॅथिरिझम म्हणतात.

रोगाचा आरंभ पोटऱ्यांतील पेटके, पायांचा ताठरपणा व जडपणा यांनी होतो. पुढे टाच जमिनीस टेकत नाही, चालताना पाय एकमेकांवर पडू लागतात. काठीवाचून चालता येत नाही, नंतर दोन काठ्या लागतात आणि अखेरीस मनुष्य हातांवर सरपटू लागतो. हात व बुद्धी शाबूत राहतात. रोगी बहुधा तरुण, कष्टकरी पुरुष असतो, म्हणजे ज्याच्या श्रमावर घर चालते तोच अंथरुणास खिळतो. गेलेली शक्ती परत आणणारे औषध आजही उपलब्ध नाही.

या रोगाची नोंद जुनी आहे. जर्मनीतील व्यूर्टेम्बर्ग संस्थानच्या ड्यूकने १६७१ साली लाखोरीचे पीठ भाकरीत वापरण्यास मनाई केली होती. आपल्या देशात कर्नल स्लीमन याने १८४४ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात सागर भागातील हकीकत दिली आहे. तेथे १८२९ साली गारपिटीने, १८३० साली अवर्षणाने व १८३१ साली तांबेऱ्यासारख्या रोगाने गव्हाचे पीक बुडाले. त्या तिन्ही वर्षांत तिवडा मात्र उत्तम आला. लोकांनी त्यावरच गुजराण केली आणि १८३३ पासून गावोगावी तरुण माणसांचे कमरेखालील अंग लुळे पडू लागले. स्पेनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या दुष्काळात व पुन्हा यादवी युद्धानंतरच्या टंचाईत, तसेच इथिओपियात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हीच कथा घडली.

सर्व ठिकाणी क्रम एकच आहे. पाऊस दगा देतो, मुख्य पीक जाते, लाखोरी तेवढी टिकते, आणि जे टिकले तेच लोक खातात. वाईट वर्षात ताटात दुसरे काही उरत नसल्यामुळेच तिचे प्रमाण वाढते. शिवाय पाण्याचा ताण पडलेल्या पिकाच्या दाण्यात विषारी घटकाचे प्रमाणही वाढते, असे संशोधनात दिसून आले आहे. म्हणजे ज्या वर्षी लाखोरीचा आधार सर्वांत अधिक वाटतो, त्याच वर्षी तिच्याविषयी सर्वांत अधिक सावध राहावयास हवे.

यात केवळ निसर्गाचा दोष नाही. मध्य भारतातील रीवा भागात शेतावर बांधून घेतलेल्या मजुरांना मजुरी म्हणून लाखोरीच दिली जात असे आणि पांगळेपणाचे प्रमाण त्यांच्यातच अधिक होते. ज्याच्या घरी तांदूळ, गहू, दूध व भाजी होती, त्याने तीच डाळ खाल्ली तरी त्याचे पाय शाबूत राहिले. लॅथिरिझम हा अशा प्रकारे दारिद्र्याचाही रोग आहे.

विषारी घटकाचा शोध व विक्रीबंदी

हा घटक कोणता, हे दीर्घकाळ अज्ञात होते. १९६४ साली बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेतील राव, अडिगा व शर्मा या संशोधकांनी तो लाखोरीच्या दाण्यातून वेगळा काढून त्याची रासायनिक रचना निश्चित केली. मज्जातंतूंमध्ये संदेशवहनाचे कार्य करणाऱ्या ग्लुटामेट या पदार्थाशी त्याचे साम्य आहे. त्यामुळे तो मज्जापेशींना प्रमाणाबाहेर उत्तेजित करून अखेर त्यांचा नाश करतो. हा घटक पाण्यात विरघळणारा आहे. या साध्या गुणधर्माचा घरगुती स्वयंपाकात मोठा उपयोग होतो, त्याचा उल्लेख पुढे केला आहे.

त्यापूर्वीच, १९६१ साली, अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत लाखोरीच्या विक्रीवर बंदी घालण्याची तरतूद झाली. ती केव्हा लागू करावयाची हे राज्यांवर सोपविण्यात आले होते. महाराष्ट्रात लागू झालेली विक्रीबंदी एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात उठविण्यात आली. बंदीच्या काळातही धानपट्ट्यातून लाखोरी नाहीशी झाली नाही, कारण उतेऱ्यासाठी तिच्याइतके काटक पीक शेतकऱ्याजवळ नव्हते. पीक राहिले, परंतु उघड बाजार गेला. लाखोरीची डाळ तूर वा हरभऱ्याच्या डाळीत आणि तिचे पीठ बेसनात मिसळण्याचा गैरप्रकार मात्र चालू राहिला. अशी मिसळ हा आजही भेसळीचाच गुन्हा आहे. खाणाऱ्यास आपण काय व किती खातो हे कळत नाही, हा त्यातील खरा धोका होय. शेतकरी बंधूंनी आपला माल लाखोरी म्हणूनच विकावा आणि विक्रीपूर्वी चालू नियमांची चौकशी तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात करावी.

सुधारित वाण

यावर शास्त्रज्ञांनी काढलेला मार्ग म्हणजे अल्प विषारी घटकाचे वाण. स्थानिक वाणांच्या तुलनेने ज्यांत ओडॅपचे प्रमाण बरेच कमी, म्हणजे ०.१ टक्क्याच्या आत आहे, असे वाण उपलब्ध आहेत. नवी दिल्ली येथील भारतीय कृषी संशोधन संस्थेने काढलेला 'रतन' आणि रायपूर येथील इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाने काढलेले 'प्रतीक' व 'महातिवडा' हे त्यांपैकी होत. छत्तीसगडची जमीन, पाऊस व धानाची पद्धत पूर्व विदर्भाशी मिळतीजुळती असल्याने रायपूरच्या वाणांचा विचार येथील शेतकऱ्यांनी अवश्य करावा.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली अशी की, अल्प विषारी म्हणजे निर्विष नव्हे. आहारातील सावधगिरी सुधारित वाणासही लागू आहे. दुसरी अशी की, लाखोरीच्या फुलांवर मधमाश्या येतात व काही प्रमाणात परपरागीकरण होते. शेजारच्या बांधीत जुना वाण असेल तर सुधारित वाणाची शुद्धता हळूहळू कमी होते. म्हणून घरचेच बी वर्षानुवर्षे न वापरता ठरावीक काळाने खात्रीचे बी आणावे, आणि शक्य तर एका शिवारातील शेतकऱ्यांनी मिळून एकच वाण पेरावा.

जमीन व धानाची निवड

ओल धरून ठेवणारी कन्हार व मोरांड जमीन लाखोरीस उत्तम. हलक्या, मुरमाड बरडीवर उतेरा साधत नाही. ज्या बांधीत भारी किंवा मध्यम मुदतीचे धान आहे व जेथे कापणीच्या वेळी जमिनीत पुरेशी ओल असते, तीच बांधी निवडावी. हलके धान लवकर निघते, त्या वेळी ऊन कडक असते व बांधी लवकर सुकते.

पेरणी

ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, धानाच्या लोंब्या पिवळ्या पडू लागल्या म्हणजे पेरणी करावी. पेरणीपूर्वी बांधीतील साचलेले पाणी काढून टाकावे. पाय किंचित रुतेल इतका चिखल असावा, पण पाणी उभे नसावे. साचलेल्या पाण्यात बी कुजते, तर सुकलेल्या जमिनीवर ते पाखरांचे भक्ष्य होते.

उतेऱ्यासाठी हेक्टरी ६० ते ८० किलो, म्हणजे एकरी सुमारे २४ ते ३२ किलो बी लागते. दाणा मोठा असल्यास अधिक व लहान असल्यास कमी बी घ्यावे. तिफणीने ओळीत पेरावयाचे असल्यास याहून कमी बी पुरते. बी रात्रभर पाण्यात भिजवून, पाणी निथळून, सावलीत सुकवावे व त्यास रायझोबियम जिवाणू संवर्धक चोळून त्याच दिवशी फेकावे. भिजविलेले बी लवकर रुजते. पेर दोन हातांनी, एकदा लांबीच्या व एकदा रुंदीच्या दिशेने केल्यास बी सारखे पडते.

धानाची कापणी

उतेऱ्याचे यश धानाच्या कापणीवरही अवलंबून असते. कोवळी रोपे तुडविली जाऊ नयेत म्हणून धान विळ्याने कापून भारे लवकर उचलावेत. अलीकडे कापणी यंत्राचा वापर वाढला आहे. यंत्राच्या चाकांखाली रोपे दबतात व मागे पडलेल्या पेंढ्याच्या थराखाली ती पिवळी पडतात. ज्या बांधीत यंत्र लावावयाचे तेथे उतेरा न घेता, कापणीनंतर ओल असल्यास लगेच दुसरे पीक पेरण्याचा विचार करावा.

पिकाची निगा

धान निघाल्यानंतर गावची गुरे मोकळी सोडण्याची जुनी रीत आहे. हिरवीगार लाखोरी मोकाट गुरांना प्रथम दिसते. एकट्या शेतकऱ्याने राखण करून भागत नाही. उतेरा घेणाऱ्यांनी ग्रामसभेत विचारविनिमय करून पीक निघेपर्यंत चराईस ठरावीक क्षेत्र राखून ठेवावे व राखणदार सामाईक नेमावा. वनालगतच्या गावांत रानडुकरे व हरणे यांचाही उपद्रव होतो.

पीक महिन्याभराचे झाल्यावर कोवळे शेंडे खुडल्यास फांद्या अधिक फुटतात. फुलोऱ्याच्या वेळी व शेंगा धरताना दोन टक्के डीएपी खताची फवारणी लाभदायक ठरते. त्यासाठी १० लिटर पाण्यास २०० ग्रॅम खत या प्रमाणात आदल्या रात्री भिजवून वरचे निवळ पाणी गाळून घ्यावे. ढगाळ हवेत मावा व भुरी यांचा उपद्रव संभवतो. असे आढळल्यास कृषी विज्ञान केंद्राच्या सल्ल्याने उपाय करावा.

काढणी व साठवण

पीक साधारणतः १०० ते १२० दिवसांत, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये तयार होते. खालची पाने पिवळी पडून गळू लागली व शेंगा तपकिरी झाल्या म्हणजे सकाळच्या दवात काढणी करावी. दुपारच्या उन्हात शेंगा तडकून दाणे सांडतात. खळ्यावर पाच-सहा दिवस वाळवून मळणी करावी. दाणे दाताखाली कडक फुटेपर्यंत वाळवून कोरड्या कोठीत साठवावेत, नाहीतर भुंगेरे लागतात. बियाण्यासाठी ठेवावयाचे दाणे वेगळे राखावेत.

उपयोग

लाखोरीचे कोवळे शेंडे भाजीसाठी खुडतात व काही घरी पाने वाळवून उन्हाळ्यासाठी ठेवतात. दाण्यांची डाळ करतात, भिजविलेल्या डाळीचे वडे करतात. भुसा बैलांना आवडतो व कामाच्या दिवसांत तो धानाच्या तणसात मिसळून देतात. मुळे व पालापाचोळा जमिनीत राहिल्याने पुढील धानास नत्राचा काही अंश मिळतो. नगदी खर्च जवळजवळ नसलेले पीक म्हणून लहान शेतकऱ्यास तिचा मोठा आधार आहे.

गृहिणींसाठी सूचना

लाखोरी आहारात ठेवावयाची असल्यास पुढील नियम पाळावेत :

१. डाळ भरपूर गरम पाण्यात काही तास भिजत ठेवावी व ते पाणी फेकून द्यावे. नंतर पुन्हा भरपूर पाण्यात उकळून तेही पाणी ओतून टाकावे. विषारी घटक पाण्यात उतरत असल्याने त्याचा बराचसा अंश निघून जातो. पाणी न टाकता तसेच शिजविल्याने हा लाभ होत नाही. पाण्याबरोबर काही जीवनसत्त्वेही जातात, ती इतर भाज्या व फळांतून भरून काढावीत.

२. लाखोरी रोजच्या रोज खाऊ नये. तूर, मूग, हरभरा, पोपट यांच्याबरोबर आलटून पालटून वापरावी. तिचे पीठ भाकरीचे मुख्य पीठ कधीही करू नये.

३. पानांतही हा घटक असतो. म्हणून दाणा, भाजी व वडे हे सर्व लाखोरीचेच, असा आहार एकाच वेळी ठेवू नये.

४. तांदूळ, गहू, ज्वारी, दूध व अंडी यांच्या जोडीने लाखोरी खाल्ल्यास धोका कमी होतो.

५. घरात कोणाच्या पोटऱ्यांत वारंवार पेटके येऊ लागले किंवा पाय ताठ वाटू लागले, तर लाखोरी तत्काळ बंद करून प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. आरंभीच खाणे थांबविल्यास रोग पुढे वाढण्यास आळा बसतो.

टंचाईच्या वर्षी हे नियम अधिक काटेकोरपणे पाळावेत. मजुरीचा मोबदला म्हणून कोणी केवळ लाखोरी देऊ नये व घेऊही नये. स्वस्त धान्य दुकानातील तांदूळ व गहू घराघरांत पोहोचत असल्याने केवळ लाखोरीवर दिवस काढण्याची पाळी आता पूर्वीसारखी येत नाही. हे धान्य प्रत्येक पात्र कुटुंबास मिळते की नाही, याकडे गावाने लक्ष ठेवणे हाही लॅथिरिझमवरील एक उपायच आहे.

इतर पिकांचा विचार

ज्या बांधीस मामा तलावाचे वा विहिरीचे एखादे पाणी मिळू शकते, तेथे लाखोरीवरच अवलंबून राहण्याचे कारण नाही. अशा ठिकाणी हरभरा, पोपट किंवा मूग घेतल्यास डाळीस खुला बाजार व चांगला भाव मिळतो. उतेऱ्यातच बदल हवा असल्यास जवस घेता येते. लाखोरी ही ज्या बांधीत दुसरे काही येत नाही तिच्यासाठी राखावी. अशा बांध्या या भागात पुष्कळ आहेत आणि त्या पडीक ठेवणे परवडणारे नाही.

लाखोरी हे टाकून देण्याजोगे पीक नाही आणि डोळे झाकून खाण्याजोगे धान्यही नाही. सुधारित वाण, शिवारातील सहकार्य, स्वयंपाकघरातील दक्षता आणि ताटात तिच्या जोडीला इतर अन्न, या चार गोष्टी सांभाळल्या तर धान कापल्यानंतर उरलेली ओल वाया न जाता घरात डाळ व गोठ्यात वैरण येईल. येत्या हंगामात उतेरा घेऊ इच्छिणाऱ्या शेतकरी बंधूंनी बियाण्याची चौकशी दसऱ्यापूर्वीच करावी, म्हणजे धान पिवळे पडू लागताच पेर वेळेवर साधेल.